तिसरी खेप ओळखायची कशी

मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी एका हातात लिलो चिवड्याची वाटी आणि दुसऱ्या हातात मुलाचं ऑफर लेटर घेऊन वर आल्या. किन्शासा, काँगो. दोन वर्षांचा करार, राहणं-जेवण कंपनीचं, निम्मा पगार डॉलरमध्ये. "तुम्ही जन्मभर आफ्रिकेला माल पाठवलात. सांगा, पाठवू का याला?" मलेरिया, शाकाहारी जेवण, रात्री बाहेर पडावं की नाही, हे सगळं त्यांचं विचारून झालं होतं. मी विचारलं, "तिथल्या राष्ट्राध्यक्षाची मुदत कधी संपते?" वहिनींना वाटलं, मी थट्टा करतेय.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात मी सव्वीस वर्षं एक्स्पोर्टचे कागद केले. आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही, पण दार-एस-सलाम, मोम्बासा, मताडी, आबिदजान ही बंदरांची नावं मला दांडिया बाजारातल्या दुकानांइतकी सवयीची आहेत. आणि मुदतीचा प्रश्न मी २०१५ साली शिकले, फी भरून.

बुरुंडीच्या तेव्हाच्या राजधानीत, बुजुंबुरात, आमचे दोन ट्रान्सफॉर्मर बसायचे होते. टाक्या पोचल्या होत्या. रेडिएटर आणि तेलाची पिंपं दार-एस-सलामहून ट्रकने निघाली होती, आणि आमचा टेस्टिंगचा एक मुलगा कमिशनिंगसाठी, म्हणजे ते चालू करून द्यायला, आधीच जाऊन बसला होता. लवकरच निवडणुका आहेत हे मला ठाऊक होतं. निवडणुका आहेत म्हणजे बरंच आहे, एवढाच विचार मी केला. २६ एप्रिलला, रविवारी, त्याचा फोन आला. कारखान्यात मला सगळे बेन म्हणायचे. "बेन, रस्ता पर टायर सळगे छे." रस्त्यावर टायर जळतायत. दोन-तीन दिवसांत तिथलं व्हॉट्सॲप बंद. १३ मेला राष्ट्राध्यक्ष पिएर एन्कुरुन्झिझा दार-एस-सलामला बैठकीला गेलेले असताना एका जनरलने रेडिओवरून त्यांना पदावरून काढल्याचं जाहीर केलं. विमानतळ बंद, रेडिओ स्टेशनं जळाली, आणि दोन दिवसांत बंडही फसलं. आमचा मुलगा हॉटेलच्या खिडकीला गादी उभी लावून चार रात्री फरशीवर झोपला. विमानतळ उघडल्यावर मिळेल त्या विमानाने तो नैरोबीला निघाला. ट्रक कोबेरोच्या सीमेवर उभे, भाडं दिवसागणिक चढतंय, आणि इकडे एलसीची, म्हणजे आमचे पैसे द्यायची हमी देणाऱ्या बँकेच्या पत्राची, मुदत संपत आलेली.

एवढं सगळं कशावरून, तर राष्ट्राध्यक्ष दोनच वेळा, असं सांगणाऱ्या घटनेतल्या एका कलमावरून. एन्कुरुन्झिझा हा माणूस २००५ला आला, २०१०ला पुन्हा आला, आणि २०१५ला तिसऱ्यांदा उभा राहतो म्हणाला.

तेव्हापासून मी एक पद्धत बसवली. मुलगा नोकरीला पाठवायचा असो की माल, वापरून पाहा.

पहिलं काम, त्या देशाची राज्यघटना काढून स्वतः वाचायची. इंटरनेटवर बहुतेक सगळ्या इंग्रजीत मिळतात. अख्खी वाचू नका, राष्ट्राध्यक्षाच्या प्रकरणात जा आणि शेवटची घटनादुरुस्तीची व संक्रमणकाळाची कलमं बघा. मी ती एलसी वाचते तशी वाचते. एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. ट्रान्सफॉर्मर कितीही उत्तम असो, पॅकिंग लिस्टवर एक शब्द वेगळा पडला की डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, आणि पैसे अडले. घटनेचंही तसंच आहे. पुढे न्यायाधीश बसणार आहेत ते कागद घेऊन, आणि ज्याला खुर्ची सोडायची नाही त्याचा वकील तो वेगळा शब्द शोधूनच येणार आहे.

बुरुंडीचाच कागद बघा. २००५च्या घटनेचं कलम ९६ म्हणतं, राष्ट्राध्यक्ष थेट सार्वत्रिक मतदानाने पाच वर्षांसाठी निवडला जाईल आणि ही मुदत एकदाच पुन्हा मिळेल. ठीक. मग पार मागे कलम ३०२ येतं: संक्रमणानंतरचा पहिला राष्ट्राध्यक्ष मात्र अपवाद म्हणून संसदेची दोन्ही सभागृहं निवडतील. झालं! एन्कुरुन्झिझा यांचा पक्ष म्हणाला, २००५ची निवड संसदेने केली, ती 'थेट' नव्हती, म्हणून ती मोजायचीच नाही. २०१० ही पहिली आणि २०१५ ही दुसरी. आता ज्या कराराच्या पोटातून ही घटना आली, तो २०००चा अरुशा शांतता करार काढा. त्यात सरळ लिहिलंय की कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष राहता येणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोफॉर्मात, म्हणजे सौदा ठरवतानाच्या कच्च्या बिलात होतं, एलसीत गळालं. प्रोफॉर्मा आणि एलसी शेजारी ठेवून न वाचणाऱ्या क्लार्कला आमच्याकडे बोलणी बसतात. तुम्हीही दोन्ही कागद शेजारी ठेवा.

करार का बघायचा, हे जरा थांबून सांगते, कारण आमच्या डायरेक्टरसाहेबांशी माझं यावरूनच वाजायचं. त्यांचं म्हणणं, "बेन, माणूस तोच राहिला तर आपलं बरंच ना? तीच सही, तोच मंत्री, तेच खातं." व्यापाऱ्याला ते पटतं. आणि बडोद्यात बसून मुदतीचं महत्त्व सांगणं जरा विनोदीच आहे. आमचे सयाजीराव महाराज १८७५पासून १९३९पर्यंत गादीवर होते आणि आजही या शहरात त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढायची कुणाची छाती नाही. भारतात पंतप्रधानालाही दोन वेळांची अट कुठे आहे? पण आपल्याकडे लोकसभेने विश्वास काढला की पंतप्रधान घरी जातो. आणि महाराजांच्या गादीसाठी कुणी बंदूक खाली ठेवलेली नव्हती. बुरुंडीत १९९३पासून यादवी चालली, सुमारे तीन लाख माणसं मेली. मग आधी टांझानियाचे न्येरेरे आणि त्यांच्यानंतर मंडेला, अशा दोघांच्या मध्यस्थीने समेट झाला: लष्करात हुतू जमातीचे निम्मे, तुत्सी जमातीचे निम्मे, संसदेत जागांचं प्रमाण ठरलेलं, आणि राष्ट्राध्यक्ष दोनच वेळा. आज तुझा माणूस बसेल, दहा वर्षांनी उठेल, मग माझा बसू शकेल, या भरवशावर लोक जंगलातून बाहेर आले. अशा देशात दोन वेळांची अट हा समेटाचा हप्ता असतो. तो बुडाला की बाकीचे हप्ते कुणी का भरावेत? साहेबांच्या बोलण्यातली चूक मला इथे दिसते. जुन्या, स्थिरावलेल्या राज्यात तोच माणूस राहणं कदाचित सोयीचं असेल. समेटावर उभ्या देशात तो राहिला तर धोका वाढतो.

दुसरं काम तारखांचं. मुदत कोणत्या दिवशी संपते तो दिवस लिहा आणि तिथून दोन वर्षं मागे मोजा. तिसऱ्या खेपेची तयारी त्या दोन वर्षांत होते, आणि ती उघड्यावर होते, हीच मोठी गंमत. बुरुंडीत मार्च २०१४मध्ये घटनादुरुस्ती संसदेत आणली होती. ती एका मताने पडली. एका मताने! फेब्रुवारी २०१५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आपल्याच गुप्तचर प्रमुखाला, गोदफ्रुआ नियोम्बारेला, घरी बसवलं, कारण तिसऱ्यांदा उभं राहू नका असा सल्ला त्याने दिला होता. मे महिन्यात रेडिओवर बोलला तो जनरल हाच. म्हणजे वर्षभर आधी पाटी लागलेली होती आणि मी तेलाच्या पिंपांचे नंबर जुळवत बसले होते. सांगायचा मुद्दा हा की विरोधक ओरडतात त्याकडे कमी बघा, ते नेहमीच ओरडतात. जुने सोबती दूर व्हायला लागले, काढले जायला लागले, की कान टवकारा.

तयारीचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. काही ठिकाणी कलमच खोडतात. युगांडात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी १९८६पासून आहेत. १९९५च्या घटनेत दोन वेळांची अट होती, ती २००५मध्ये काढली. उरली पंचाहत्तर वर्षांची वयोमर्यादा. तिच्यावर २०१७मध्ये संसदेत खुर्च्या उडाल्या, कपाळाला लाल फिती बांधून खासदार 'तोगिक्वातको', म्हणजे 'हात लावू नका', म्हणत होते. लागला हात.

काही ठिकाणी नवी घटना आणून मीटर शून्यावर घेतात. कोत द'इव्वारमध्ये २०१६ला नवी घटना झाली. राष्ट्राध्यक्ष अलासान वतारा मार्च २०२०मध्ये म्हणाले की मी उभा राहणार नाही. जुलैत त्यांचा उमेदवार, पंतप्रधान अमादू गों कुलिबाली, अचानक वारला, आणि ऑगस्टमध्ये तेच म्हणाले की नव्या घटनेनुसार ही माझी पहिलीच वेळ. २०२५मध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. म्हणून 'मी जाणार' हे वाक्य ऐकून काही पक्कं करू नका. अर्ज भरायची तारीख उलटू द्या. गिनीतही अल्फा काँदे यांनी हेच केलं, २०२०मध्ये सार्वमत घेऊन तिसऱ्यांदा निवडून आले आणि सप्टेंबर २०२१मध्ये लष्कराने त्यांना उचललं. टोगोने तर खुर्चीच बदलली: राष्ट्राध्यक्षपद नावापुरतं ठेवून सगळे अधिकार एका नव्या पदाला दिले, आणि त्या पदावर तोच माणूस बसला.

आणि एक प्रकार आहे तो मला सगळ्यात चलाख वाटतो. काहीही बदलायचं नाही, निवडणूकच घ्यायची नाही. काँगोत याला फ्रेंचमध्ये ग्लिसमाँ म्हणतात, घसरणं. तिथल्या २००६च्या घटनेचं कलम २२० सांगतं की मुदत किती वर्षांची आणि किती वेळा, यात घटनादुरुस्तीनेही बदल करता येणार नाही. इतकं पक्कं कुलूप मी दुसऱ्या फारशा घटनांत पाहिलेलं नाही. पण शेजारच्या खिडकीसारखं कलम ७० आहे: नवा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष पदावर येईपर्यंत जुना राहील. जोसेफ काबिला यांची दुसरी मुदत १९ डिसेंबर २०१६ला संपत होती. जानेवारी २०१५मध्ये सरकारने निवडणूक कायद्यात अशी तरतूद आणली की आधी जनगणना, मग निवडणूक. पश्चिम युरोपाएवढ्या, रस्ते नसलेल्या देशात जनगणना म्हणजे किती वर्षं? किन्शासात लोक रस्त्यावर आले, इंटरनेट तोडलं गेलं, माणसं मेली, सेनेटने ते वाक्य काढलं. तरी निवडणूक झालीच नाही. मे २०१६मध्ये घटना न्यायालयाने कलम ७०चा आधार देऊन काबिला यांना राहू दिलं. शेवटी कॅथलिक बिशप मध्ये पडले, २०१६च्या ३१ डिसेंबरला तडजोड झाली, आणि मतदान ३० डिसेंबर २०१८ला. मुदत संपल्यावर दोन वर्षं अकरा दिवसांनी. तेव्हा 'जनगणना', 'मतदार यादीचं नूतनीकरण', 'निधी नाही' असले कोरडे शब्द बातमीत आले तर पान उलटू नका.

तिसरं काम न्यायाधीशांकडे बघायचं. निकाल काय लागला हे सगळेच वाचतात. तुम्ही निकालाच्या आधी आणि नंतर कोण कुठे गेलं ते बघा. बुरुंडीच्या घटना न्यायालयाने ५ मे २०१५ला एन्कुरुन्झिझा यांच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळी न्यायालयाचे उपाध्यक्ष सिल्व्हेर निम्पागारित्से सीमा ओलांडून रवांडात गेले होते, आणि न्यायाधीशांवर दडपण आणल्याचं त्यांनी बाहेर सांगितलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सप्टेंबर २०२२मध्ये घटना न्यायालयाने नव्या घटनेसाठी नेमलेली समितीच रद्द ठरवली. न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या दानिएल दार्लां, कायद्याच्या प्राध्यापिका. सरकारने काय करावं? विद्यापीठातल्या नोकरीचं निवृत्तीचं वय झालं, असं दाखवून ऑक्टोबरमध्ये त्यांना न्यायालयातूनही बाहेर काढलं. जुलै २०२३ला सार्वमत झालं, मुदत पाचाची सात वर्षं झाली आणि किती वेळा ही अट गेली. ही दार्लांबाईंची गोष्ट वाचली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. माझ्या निवृत्तीच्या फायलीवरची जन्मतारीखसुद्धा कुणी इतक्या आस्थेने तपासली नव्हती.

उलटंही होतं. सेनेगलमध्ये फेब्रुवारी २०२४ला निवडणूक पुढे ढकलली होती, घटना परिषदेने तो निर्णय रद्द केला, मार्चमध्ये मतदान झालं आणि नवा माणूस आला. सेनेगलने यादवीतून घटना मिळवलेली नाही, हे खरं. पण लायबेरियाने तर दोन युद्धं पाहिली, आणि तिथे एलन जॉन्सन सर्लीफ दोन मुदती पूर्ण करून जानेवारी २०१८मध्ये जॉर्ज वेआ यांच्याकडे कारभार देऊन घरी गेल्या. वेआ २०२३मध्ये थोडक्यात हरले आणि हार मान्य केली. सिएरा लिओनमध्ये राष्ट्राध्यक्ष कोरोमांचे लोक त्यांना 'आणखी वेळ' द्या म्हणून फिरत होते. तेही २०१८मध्ये गेले. त्यामुळे 'आफ्रिकेत असंच चालायचं' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला ही तीन नावं सांगा.

मतांच्या आकड्यांनी मात्र दिपून जाऊ नका. रवांडात २०१५मध्ये सदतीस लाखांवर लोकांच्या सह्यांचे अर्ज संसदेत गेले, डिसेंबरच्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के होकार आला, आणि राष्ट्राध्यक्ष कागामे यांना २०३४पर्यंतची वाट मोकळी झाली. २०२४ला त्यांना ९९ टक्क्यांहून जास्त मतं पडली. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायच्या ठरावालाही इतका होकार मिळत नाही. किगालीला माल वेळेवर पोचतो, पैसे वेळेवर येतात, रस्ते स्वच्छ आहेत, हे मी नाकारत नाही. मुलाला तिथे पाठवायला मी हो म्हणेन. पण तिथल्या शांततेला संमती म्हणायचं असेल तर त्या कागदावर माझी सही मिळणार नाही.

शेजारी देश आणि आफ्रिकी संघ आवरतील, यावर फार विसंबू नका. पश्चिम आफ्रिकेच्या देशांच्या संघटनेपुढे २०१५मध्ये 'सगळीकडे दोनच वेळा' असा नियम करायचा प्रस्ताव होता. टोगो आणि गांबिया नाही म्हणाले, विषय संपला.

आता हातातलं काम. माल पाठवणाऱ्याने एलसी त्या देशाबाहेरच्या चांगल्या बँकेकडून कन्फर्म करून घ्यावी, खर्च टोचला तरी. राजकीय जोखमीचा विमा मुदत संपण्याच्या तारखेपलीकडे चालतो का ते बघावं. नेमका महिनाभर अलीकडे संपणारा विमा मी स्वतः भरलेला आहे. माणूस पाठवणाऱ्याने परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्यावं. भारतीय वकिलात त्याच शहरात आहे की शेजारच्या देशातून कारभार बघते, हे आधी विचारावं, आणि पोचल्याबरोबर नाव नोंदवावं. थोडे डॉलर लहान नोटांत, पासपोर्टाच्या प्रती दोन ठिकाणी. इंटरनेट जाणार हे गृहीत धरून साधे फोन नंबर कागदावर लिहून ठेवावेत. आमच्या मुलाकडे माझा नंबर पाठ होता म्हणून निभावलं.

वहिनींच्या मुलाला मी समोर बसवून हे सगळं त्याच्याकडूनच करून घेतलं. काँगोचे आताचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स त्शिसेकेदी यांची दुसरी मुदत जानेवारी २०२४ला सुरू झाली, पाच वर्षांची. म्हणजे निवडणूक २०२८च्या अखेरीला यायला हवी. ऑक्टोबर २०२४मध्ये किसांगानी शहरातल्या भाषणात ते म्हणाले की देशाला स्वतःला साजेशी नवी घटना हवी आणि त्यासाठी आयोग नेमू. पूर्वेला गोमा शहर जानेवारी २०२५मध्ये बंडखोरांकडे गेलं. कलम २२०चं कुलूप आहेच, कलम ७०ची खिडकीही आहे. पोराने स्वतःच वहीवर लिहिलं, 'नवी घटना = मीटर?' आणि मला म्हणाला, "काकू, पण माझी दोन वर्षं तर त्याच्या आधी संपतात."

संपतात खरी. मी चष्मा लावून ऑफर लेटर पुन्हा वाचलं, एलसी वाचावी तसं, शेवटच्या पानापर्यंत. नवव्या कलमात, बारीक टायपात, लिहिलं होतं की कामाच्या गरजेनुसार कंपनी हा करार स्वतःच्या निर्णयाने आणखी एक वर्ष वाढवू शकेल. त्याभोवती मी पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी 'दोघांच्या संमतीने' असं लिहिलं. हा बदल करून द्याल का, अशी मेल त्याने माझ्यासमोरच पाठवली. वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून चार बेसनाचे लाडू घालून वहिनींकडे दिली. मेलचं उत्तर अजून आलेलं नाही.